जात्याची घरघर आणि मोबाइलचा माईक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोबाइलला किंवा कॉम्प्युटरला जोडायचा माईक कोणता घ्यावा, हा प्रश्न कवीला विचारायचा नाही, दुकानदाराला विचारायचा, असे तुम्ही म्हणाल. पण गेली काही वर्षे मला तो वारंवार विचारला जातो. कुणाला आपल्या गझलांचे वाचन यूट्यूबवर टाकायचे असते, कुणाला घरबसल्या शिकवणी घ्यायची असते, तर कुणाला घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज जपून ठेवायचा असतो. या तिसऱ्या मंडळींची संख्या वाढते आहे, याचा मला आनंद वाटतो. आमच्या नाशिकच्या एम. जी. रोडवर गेलात तर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘बजेट किती?’ मी वेगळेच विचारतो. आवाज कुणाचा घ्यायचा आहे? आणि त्याच्या भोवतीचा कोणता आवाज तुम्हाला नको आहे? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माईकच्या इतिहासात दडले आहे.

आपल्याकडे व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा माईक नव्हताच. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. समोर होता एक मोठा कर्णा. गायकाने त्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या जोराने दुसऱ्या टोकाची सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. वीज नाही, आवाज वाढवण्याची सोय नाही. वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. गाणे संपता संपता गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते, ते अनेकांना आज गमतीचे वाटते. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. तबकड्यांचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरला निघायचे आणि तिथल्या कारागिराला गाणे कुणाचे, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

या कर्ण्याने एक निवड केली होती. ज्याचा गळा दणदणीत, त्याचाच आवाज तबकडीवर उतरला. हळुवार गाणाऱ्याला, कापऱ्या आवाजाच्या म्हातारीला, पुटपुटत कविता म्हणणाऱ्याला कर्ण्यापुढे जागा नव्हती. आपल्या संगीत नाटकांचीही तीच रीत होती. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पद पोहोचले पाहिजे, हा नटाच्या शिक्षणातला पहिला धडा असे.

टेलिफोनसाठी कार्बनचे कण भरलेला माईक १८७० च्या दशकाच्या शेवटीच तयार झाला होता. बोलण्याच्या दाबाने कण आवळले-सैलावले जात आणि त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमी-जास्त होई. पण गाण्याच्या मुद्रणात विजेचा माईक आला तो १९२५ मध्ये, आधी अमेरिका-इंग्लंडमध्ये आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे. मधल्या काळात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. माणूस पहिल्यांदाच हजारो लोकांशी आवाज न चढवता बोलू लागला. मराठी भावगीत याच सुमारास जन्माला आले, याला मी योगायोग मानत नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गायली, ती पल्लेदार तानेसाठी नव्हे. कानाशी येऊन सांगावे तसे ते गाणे होते. कर्णा असता तर तो गायनप्रकार रुजला असता का, याची मला शंका आहे. छंदांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कधीतरी माईकचाही विचार करावा.

माईक आला आणि नवीच पंचाईत उभी राहिली. तो हवे ते ऐकतो, तसे नको तेही ऐकतो. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. अर्देशिर इराणींचा स्टुडिओ रेल्वेरुळांच्या जवळ. दिवसभर गाड्यांची धडधड. शेवटी चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करायचे असे ठरले, आणि माईक कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून नटांच्या आसपास लपवावे लागले. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि मराठी पडदा बोलू लागला. आमच्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचे दिवस मात्र तोवर सरत आले होते. मूकपटांचा हा जनक. त्यांचा बोलपट एकच, १९३७ चा ‘गंगावतरण’. १९४४ मध्ये ते नाशिकलाच वारले. एका यंत्राने किती माणसांना पुढे आणले, हे आपण मोजतो. किती जणांना बाजूला सारले, ते सहसा मोजत नाही.

पुढची उडी १९६२ ची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्याचा माईक बनवला. त्याला इलेक्ट्रेट माईक म्हणतात. वेस्ट हे कृष्णवर्णीय संशोधक. त्या काळच्या अमेरिकेत त्यांना प्रयोगशाळेच्या बाहेर काय सोसावे लागत असेल, याची कल्पना करता येते. हा माईक शेंगदाण्याएवढा होऊ शकला आणि स्वस्तही झाला. टेपरेकॉर्डरच्या कोपऱ्यात बारीक भोकांची जाळी असायची, आठवते? तिच्यामागे बहुधा हाच असे. कोकणातले आमचे नातेवाईक आखातात गेले, येताना टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि मग पत्रांऐवजी कॅसेटी जाऊ-येऊ लागल्या. लिहिता न येणाऱ्या बाईला नवऱ्याशी परक्याच्या मध्यस्थीशिवाय बोलता आले, ते या कॅसेटीमुळे. मागे कोंबडी ओरडतेय, पोर रडतेय, भांडे पडतेय, हे सगळे त्या कॅसेटीत असायचे. आणि मला सांगा, तिकडे वाळवंटातल्या खोलीत बसून ऐकणाऱ्याला त्या कोंबडीचा त्रास होत असेल का?

खरी गोम इथे आहे. गलका कशाला म्हणायचे, हे कोण ठरवणार?

महाराष्ट्रात या प्रश्नाला भिडणारे मोठे काम पुण्यात झाले. मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. शब्दरूपात जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. १९९० च्या दशकात संगणक आणि संगीत या दोन्हींचे जाणकार बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात हे भांडार आज कुणालाही ऐकता येते. विजेची गिरणी आली तेव्हा जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबू लागली. ही माणसे वेळेवर पोहोचली नसती तर आपल्याला त्या ओव्या फार तर पुस्तकात वाचायला मिळाल्या असत्या. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून वाचली, हे आपण जाणतोच. पण ओवी ही वाचायची गोष्ट नाही. तिचा ठेका जात्याच्या फेऱ्यातून येतो. खुंटा आपल्याकडे येताना ओळ उचलायची, पलीकडे जाताना सोडायची.

आता आजच्या माईककडे येतो. तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा दोन किंवा तीन माईक आहेत, आणि ते सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले, मोहरीपेक्षा फारसे मोठे नसलेले असतात. ‘डिजिटल माईक’ या नावाने मात्र फसू नका. पडदा हलतो तो हवेनेच, पूर्वीसारखाच. फरक इतका, की त्या हलण्याचे आकड्यांत रूपांतर करणारी व्यवस्था माईकच्याच पोटात असते. यूएसबी किंवा टाइप-सी माईक घेतला की फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या आतल्या सुमार भागांवर अवलंबून राहावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. सेकंदाला ४८,००० वेळा नोंद करणारा कोणताही बरा माईक बोलण्याला आणि गाण्याला पुरतो. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी घरगुती माणसाने पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. फोनला कोणते भोक आहे, ते मात्र आधी पाहा. आयफोनला २०२३ पर्यंत वेगळे होते, नंतर तिथेही टाइप-सी आले. जुना गोल पिनेचा माईक नव्या फोनला लावायला जोडणी मिळते, पण प्रत्येक जोडणी प्रत्येक फोनला चालतेच असे नाही. दुकानातच लावून, दोन वाक्ये बोलून, ऐकून बघा.

या सर्वांहून घातक आहे ते छोटे बटण, गोंगाट घालवण्याचे. माझी फुफी सिन्नर तालुक्यात राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. आमच्या घरात बोलणे दखनी, पण जात्यावर ती शेजारणींच्या जोडीने मराठी ओवीच म्हणत आली. तिच्या नातवाने हौसेने बिनतारी माईक आणला, तिच्या पदराला लावला, घरातले जुने जाते धुऊन-पुसून मांडले आणि मुद्रण केले. ऐकायला बसलो. आवाज काचेसारखा स्वच्छ. फुफीने दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, “अरे, चक्की कां गई रे?” माईकवरचा हिरवा दिवा लागलेला होता. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असे समजून यंत्राने जात्याची घरघर पुसून टाकली होती. तिच्याबरोबर ओळींच्या शेवटी लांबत जाणारे स्वरही झिजले होते. त्यात यंत्राचा दोष नाही. ते गर्दीतल्या फोनसाठी शिकवलेले आहे. फोनवर बोलणाऱ्याला पंखा नको असतो. जात्याचे काय करायचे, हे त्याला कुणी शिकवलेले नाही.

दिवा बंद करून पुन्हा बसवले. नातवाने या वेळी पदरावरचा माईक काढला आणि चारी बाजूंचे ऐकणारा साधा यूएसबी माईक लॅपटॉपला जोडून घडीच्या गोधडीवर ठेवला, फुफीच्या तोंडापासून आणि जात्यापासून सारख्या अंतरावर, सुमारे दीड फुटावर. जमिनीवर ठेवला असता तर दगडाची थरथर थेट माईकमध्ये शिरली असती. खोलीतला पंखा मात्र बंद केला. पंखा गलका, जाते गाणे. हा निवाडा त्या घराने केला.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो. एकट्याने कविता वाचायची किंवा शिकवायचे असेल, तर समोरचेच ऐकणारा माईक घ्या आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपा ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचे फटकारे बसणार नाहीत. फिरत बोलायचे असेल तर कॉलरचा. दोन-चार माणसे, वाद्ये, जाते, झोपाळा असे काही असेल, तर चारी बाजूंचा. आणि पैसे नसतील तर काहीच घेऊ नका. फोन जवळ न्या. अंतर निम्मे केले की तोंडातून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि भोवतालचा तेवढाच राहतो. दहा फुटांवरच्या महागड्या माईकपेक्षा हातभर अंतरावरचा फोन केव्हाही बरा. दुकानदार हे सांगणार नाही, त्याचे पोट आहे.

गौहरजानची रीत तेवढी उचला. सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख त्याच्याच तोंडून येऊ द्या. फाईलीचे नाव बदलते, फोन बदलतो. आवाजात सांगितलेले नाव आवाजाबरोबरच राहते. मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा. एका माईकचे तासाभराचे मुद्रण सुमारे ३४५ एमबी होते, ते आजच्या हिशोबाने फार नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज म्हणजे जपणूक नव्हे, तो आवाज बराच दाबलेला असतो. आणि डिजिटल म्हणजे अमर, हा समज सोडा. १९८७ मध्ये आलेली डॅट नावाची डिजिटल कॅसेट अभ्यासकांना वरदान वाटली होती. २००५ मध्ये सोनीने तिची यंत्रे बनवणे थांबवले. कॅसेट हातात आहे आणि वाजवायला काही नाही, अशी वेळ अनेकांवर आली.

फुफीच्याच तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. हजारो गाणी रचून गावोगाव गाणारा हा लोककवी. त्यांची मुद्रित झालेली गाणी आज ऐकता येतात. जी झाली नाहीत, ती ज्यांनी समोर बसून ऐकली, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांतल्या काहींना चाली अजून पाठ आहेत. सिन्नर, येवला, निफाड भागात तुमच्या ओळखीचे असे कुणी असेल, तर माईकची खरेदी पुढच्या महिन्यावर गेली तरी चालेल. खिशातला फोन घेऊन या रविवारीच जा.