पुण्याच्या छावणीबाहेरचे मॉर्मन

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि कायम दोघांची जोडी. तुमच्यापैकी जे परदेशात राहतात त्यांच्या दारावर मॉर्मन मिशनरी कधी ना कधी येऊन गेले असतील. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष, चर्च पाठवेल तिथं जातात. देश आपण निवडायचा नसतो. २०१९ पर्यंत तर घरच्यांशी बोलायचं ते वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. या आयुष्यातले चढउतार समजून घ्यायला आज आम्ही पावणेदोनशे वर्षं मागं जाणार आहोत. कारण तेव्हा या पंथाची एक छोटी शाखा आपल्या पुण्यात होती. ती का रुजली नाही, हे पाहिलं की या साऱ्या उद्योगाची घडण कळते.

आधी थोडी पार्श्वभूमी. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. नवा प्रेषित, नवा धर्मग्रंथ, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जगाचा शेवट जवळ आलाय, तेव्हा दीक्षा घेतलेल्याने आपला गाव सोडून आपल्या लोकांच्या मुलखात यायचं, अशी शिकवण होती. १८४७ नंतर हा मुलूख म्हणजे युटा. इतर मिशनरी लोकांमध्ये राहायला येत. हे लोकांना घेऊन जायला येत.

इंग्लंडात हे फार चाललं. जुलै १८३७ मध्ये हेबर किंबल आणि त्यांचे सोबती लिव्हरपूलला उतरले, तिथून प्रेस्टनला गेले, आणि महिना संपायच्या आत रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. प्रेस्टन म्हणजे सूतगिरण्यांचं गाव. १८४० मध्ये विल्फर्ड वुडरफ यांना हेरफर्डशरमध्ये मूळ चर्चमधून फुटलेला सुमारे ६०० जणांचा एक गटच भेटला. तो जवळजवळ सगळा त्यांच्या मागे आला. १८५१ पर्यंत ब्रिटनमध्ये ३० हजारांहून जास्त मॉर्मन होते, युटापेक्षा जास्त! आता बघा, ही माणसं बायबल त्याच भाषेत वाचत होती, आपल्या पाद्र्यांवर नाराज होती, गरीब होती आणि अमेरिकेला जायला एका पायावर तयार होती. १८४९ मध्ये चर्चने स्थलांतरासाठी कर्ज देणारा निधीही काढला. धर्माबरोबर जहाजाचं तिकीट मिळत होतं, असं म्हणणं थोडं उद्धट होईल, पण खोटं होणार नाही.

या यशाच्या भरात ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सभा भरली आणि शंभरेक पुरुषांची नावं वाचून दाखवली गेली. कुणाची इच्छा विचारली नव्हती. नऊ जणांच्या वाट्याला हिंदुस्थान आला, चौघांच्या वाट्याला सियाम. शेत, बायकापोरं सोडून हे तेरा जण 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने एप्रिल १८५३ मध्ये कलकत्त्याला पोचले. नियम असा की जवळ पैसा ठेवायचा नाही, लोक देतील त्यावर राहायचं. अमेरिकेतल्या खेड्यात अशा प्रचारकाला शेतकरी जेवू घालतो. कलकत्त्यात नोकर नसलेला, पायी हिंडणारा गोरा म्हणजे गोऱ्या समाजाच्या दृष्टीने लाजच. त्यात त्या सभेतच चर्चने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केलेलं. ती बातमी इथं आली आणि पाद्र्यांना आयतंच कोलीत मिळालं. त्यांच्या आधी कलकत्त्याच्या आसपासच्या काही रयतेने दीक्षा घेतली होती. पण हे लोक ना नोकरी देतात ना पैसे, हे कळल्यावर ती मंडळी पांगली.

आणि पुणं? या तेरा जणांच्या काही महिने आधी, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले हे स्कॉटिश गृहस्थ ब्रिटनमधून मुंबईला आले होते. वर्तमानपत्रांनी झोडपल्यावर ते पुण्याला गेले. छावणीतले काही शिपाई आणि युरेशियन मंडळी मिळून डझनभर माणसं जमली, शाखा झाली. लगेच लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत राहायला मनाई केली. फिंडले चिकाटीचे. ते छावणीबाहेर राहिले, मराठी शिकू लागले, आणि १८५५ मध्ये खास मराठ्यांना उद्देशून त्यांनी एक पुस्तिकाही काढली.

त्याच पुण्यात नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात जोतीराव फुल्यांचा सरकारी सत्कार झाला. हेच जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, मराठीत छापलं, वाद घातले, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकला. त्यांच्याकडेही धर्मांतरं फारशी झाली नाहीत, पण समाजात खळबळ झाली. फिंडल्यांचा पंथ शाळा काढणारा नव्हताच. जिथून लवकरच निघायचं तिथं शाळा कशाला? जे आमंत्रण प्रेस्टनच्या गिरणीकामगाराला वर वाटलं, त्याचा पुण्याच्या माळ्याला किंवा भटजीला काय उपयोग? गोऱ्या शिपायालासुद्धा पलटणीतून सुटका झाल्याशिवाय जाता येईना.

१८५६ पर्यंत बहुतेक सगळे मिशनरी हिंदुस्थानातून परतले. इथं पुन्हा स्वतंत्र मिशन उघडायला १९९३ उजाडलं, तेही बंगळूरला. इंग्लंडातले किंबल शूर आणि इथले फिंडले कमी पडले, हा निवाडा आम्हाला मान्य नाही. कष्ट इथंच जास्त होते. पण आज्ञा पाळली की फळ मिळतं, असं ज्याला शिकवलंय त्याने फळ मिळालं नाही तर काय समजायचं? जमिनीत दोष, की आपल्या श्रद्धेत? पहिलं उत्तर दिलं तर देवाने पाठवणंच चुकलं असं होतं. म्हणून असा माणूस बहुधा दुसऱ्या उत्तराकडे वळतो आणि आतल्या आत कुढतो. आमच्या मते या कामातला खरा उतार हा आहे. बंद दारं त्यामानाने सोसवतात.

सियामला नेमलेले लेव्ही सॅव्हेज यांचं पाहा. चौघांपैकी एकच जण बँकॉकला पोचला. सॅव्हेज ब्रह्मदेशातच अडकले, इंग्रजांचं युद्ध चालू असलेल्या मुलखात, रंगून आणि मौलमीनला. तब्येत बिघडली, हाती फारसं काही लागलं नाही. १८५६ मध्ये ते अमेरिकेत परतले आणि ढकलगाड्या ओढत युटाला निघालेल्या एका काफिल्यात सामील झाले. त्यातले बहुतेक ब्रिटनमधले नवे मॉर्मन, म्हणजे त्या यशस्वी मिशनचं पीक. ऑगस्टमध्ये नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सभा झाली. उशीर झालाय, हिवाळा इथंच काढू, म्हातारी माणसं आणि मुलं वाटेत दगावतील, असं सॅव्हेज यांनी उभं राहून सांगितलं. इतर नेते म्हणाले, देव सांभाळेल. काफिला निघाला आणि सॅव्हेजही त्यांच्याबरोबर गेले. ऑक्टोबरमध्ये वायोमिंगच्या बर्फाने गाठलं. साठांहून अधिक माणसं मेली.

श्रद्धा असली तरी हवापाणी बदलत नाही, हे सांगण्याचं बळ त्या सभेत त्यांच्याकडेच का होतं? आम्हाला वाटतं, ते त्यांनी ब्रह्मदेशात मिळवलं होतं. नोव्हेंबरमध्ये ते सॉल्ट लेकला पोचले. पत्नी १८५१ मध्येच वारली होती. निघताना बहिणीकडे ठेवलेला मुलगा तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. आता तो सहाचा व्हायला आला होता.