‘डोळ्यांसमोर आणा’ म्हणजे नक्की काय?

रिसालीहून बोलतोय. आज लढाई नाही, किल्ला नाही. आज एका प्रश्नाचा इतिहास.

डोळे मिटा आणि सकाळची न्याहारी डोळ्यांसमोर आणा. पोह्यांची बशी दिसते का? हळदीचा रंग, वरची कोथिंबीर? की पोहे खाल्ले एवढं फक्त माहीत आहे?

हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाचा, १८८० सालचा. त्यानं लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला लावलं आणि विचारलं: चित्र उजळ आहे की अंधूक, रेखीव आहे का, रंग दिसतात का? अनेक शास्त्रज्ञांनी कळवलं की असं काही दिसत नसतं, ही नुसती बोलण्याची रीत आहे. इतर अनेकांना मात्र टेबल लख्ख दिसत होतं.

पुढे १९७३ मध्ये डेव्हिड मार्क्स यांनी १६ प्रश्नांची प्रश्नावली केली. ओळखीच्या माणसाचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान, आणि झाडं-डोंगर-तळं असलेला देखावा. प्रत्येकाला पाच पायऱ्या. एका टोकाला ‘प्रत्यक्ष पाहावं इतकं स्पष्ट’, दुसऱ्या टोकाला ‘चित्र काहीच नाही, त्या वस्तूचा विचार करतोय एवढं कळतं’. ही प्रश्नावली फ्रेंचमध्ये गेली, इतर भाषांत गेली. आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

मी हौसेनं ती घरच्यांसाठी मराठीत केली. पहिल्यांदा लिहिलं, ‘कल्पना करा’. पण आपण ‘मला कल्पना नव्हती’ म्हणतो तेव्हा अर्थ असतो, ठाऊक नव्हतं. फ्रेंचमध्येही ‘इमाजिने’ हे क्रियापद चित्र रंगवण्यासाठी चालतं आणि ‘मला वाटतं’ एवढ्यासाठीही. मग मी लिहिलं, ‘आठवा’. घरातल्या सगळ्यांना पैकीच्या पैकी! कारण मराठीत माहीत असणं हेही आठवणंच.

माझे मेहुणे पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आईचा चेहरा आठवणार नाही असं होईल का?” मी विचारलं, “आठवतो, पण दिसतो का?” ते बराच वेळ गप्प बसले. “नाही भाऊजी. कधीच दिसला नाही. लोक तसं म्हणतात, ती बोलायची पद्धत असेल असं वाटायचं.” मग हळूच म्हणाले, “म्हणजे माझी माया कमी पडली का?”

मंडळी, शब्द चुकला की असं होतं. मी त्यांना सांगितलं, काही माणसांना मनात चित्र दिसतच नाही. एक्सेटर विद्यापीठाच्या ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये याला ‘अफँटेशिया’ नाव दिलं. हा आजार नाही आणि मायेशी त्याचा संबंध नाही.

पण प्रश्न मुलाला विचारला असेल, आणि उत्तरावरून त्याला ‘मंद’ म्हणणार असतील, तर? इथे आपल्या मुलखाचा इतिहास येतो. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी आपल्या दोन मुलींचं निरीक्षण करून १९०३ मध्ये लिहिलं होतं की चित्राशिवायही विचार चालू शकतो. त्यांनीच सिमाँ यांच्याबरोबर १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी केली. हेतू हा, की शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत द्यावी. १९१६ मध्ये टर्मन यांनी तिला अमेरिकी रूप दिलं. मग ती धारवाडला आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती नव्यानं बसवली, १९३४ मध्ये त्यावर लिहिलं आणि १९४० मध्ये पुस्तक काढलं.

हे नुसतं भाषांतराचं काम नव्हतं. बिने यांची चाचणी मुलांना फ्रेंच नाणी मोजायला लावते, टर्मन यांची अमेरिकी नाणी ओळखायला. आपल्याकडे तेव्हा आणे आणि पै. शिवाय तिकडच्या सहा वर्षांच्या मुलाला जमणारा प्रश्न इकडच्या सहा वर्षांच्या मुलाला तितकाच सोपा असेलच असं नाही. म्हणून हजारावर मुलांना बसवून प्रत्येक प्रश्नाचं वय पुन्हा ठरवावं लागलं. प्रश्नाचं भाषांतर एका संध्याकाळी होतं. त्याचं वजन ठरवायला वर्षं लागतात. बिने-कामत चाचणी आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते.

फौजेतही परक्या चाचण्या आल्या. १९४३ मध्ये डेहराडूनला अधिकारी निवडीचं पहिलं मंडळ सुरू झालं. आजही उमेदवाराला तीस सेकंद चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. मीही लिहिली होती. ही कल्पना मूळ हार्वर्डची, १९३५ची. पण हुकूम देताना फौज कोणाच्या मनातल्या चित्रावर विसंबत नाही. जमिनीवर माती-वाळूचा नमुना करतात, नाला दाखवतात, टेकडी दाखवतात. ज्याला मनात दिसतं त्यालाही कळतं, ज्याला दिसत नाही त्यालाही. चाचणी देणाऱ्यांनी ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

आमच्या भिलाईतलं पोर घरी मराठी, गल्लीत छत्तीसगढी-हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतं. डोंगर म्हटला की त्याला सह्याद्री नाही, दल्ली-राजहऱ्याची लोखंडाची टेकडी आठवेल. त्याची चाचणी झाली तर आकडा ऐकण्याआधी दोन गोष्टी विचारा: कोणत्या भाषेत घेतली, आणि ती कोणत्या मुलांवर पारखलेली आहे? एवढं विचारायचा आईबापांना हक्क आहे.

मेहुण्यांचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, “चेहरा दिसत नाही, पण आईची हाक अजून ऐकू येते.” मार्क्सच्या प्रश्नावलीत हाकेला जागा नाही. पण १९०९ मध्ये बेट्स यांनी दीडशे प्रश्न काढले होते, त्यांत आवाज, वास, चव, स्पर्श सगळं होतं. आता त्यातला आवाजाचा भाग मराठीत करायला घेतलाय. या वेळी एकेक शब्द मेहुण्यांना विचारूनच लिहिणार आहे.