मैदानवाटप

मैदानवाटप : शहरातील सार्वजनिक मैदानाचा वेळ व जागा खेळाडू, व्यायामशाळा, शाळा, सामाजिक-धार्मिक संस्था आणि राजकीय पक्ष यांच्यात वाटून देण्याची व्यवस्था. मैदानाची मालकी महापालिकेकडे, नगरपालिकेकडे किंवा शासनाकडे असते. इतरांना मिळते ती ठरावीक वापराची परवानगी. महाराष्ट्रात या व्यवस्थेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मुंबईतील दादरचे शिवाजी पार्क.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या किल्ल्यालगतच्या मैदानावर युरोपीय मंडळी पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या त्याच जमिनीवर पारशी व हिंदू मुलांना क्रिकेट खेळावे लागे. १८८१ मध्ये देशी क्रिकेटपटूंनी याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्याची हकिगत १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे समुद्रकिनाऱ्यालगत पारशी, इस्लाम व हिंदू जिमखान्यांना स्वतंत्र भूखंड मिळाले. म्हणजे तेथे एकाच मैदानाचा वेळ वाटण्याऐवजी जमातवार जागाच वाटली गेली.

शिवाजी पार्क : सुमारे २८ एकरांचे हे मैदान मुंबई महापालिकेने १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ या नावाने खुले केले. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ मध्ये त्याला शिवरायांचे नाव देण्यात आले. मैदानाच्या कडेने शिवाजी पार्क जिमखाना, बेंगाल क्लब, मल्लखांबासाठी ख्यातकीर्त श्री समर्थ व्यायाम मंदिर, स्काउट हॉल व नाना-नानी पार्क आहेत. मधली मोकळी जागा सर्वांची. पहाटे कडेच्या वाटेवर फेऱ्या मारणारे, मग क्रिकेटची नेट, संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे, असा दिवस आपोआप वाटला जातो. सुट्टीच्या दिवशी खेळपट्ट्या इतक्या जवळजवळ लागतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा असतो. कोणाचा चेंडू कोणाकडे गेला, तर तो परत फेकायचा, एवढाच नियम. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडला तो याच गर्दीत.

खेळाव्यतिरिक्तचे दिवस : खरी ओढाताण होते ती सभा-समारंभांवरून. प्रजासत्ताक दिन व महाराष्ट्र दिनाचे संचलन, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांसाठी उभारले जाणारे मंडप, १९६६ पासूनचा शिवसेनेचा दसरा मेळावा, असे मानकरी अनेक. मंडपाचे खांब रोवले की खेळपट्टी गेली आणि ध्वनिवर्धकांचा त्रास वेगळा, अशी रहिवाशांची तक्रार होती. मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. त्यानंतर मेळाव्याच्या परवानगीचा प्रश्न न्यायालयात जाऊ लागला. अखेर २० जानेवारी २०१६ च्या आदेशाने राज्य शासनाने वर्षातील ४५ दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी राखले. दसरा मेळाव्याचा दिवसही त्यांत धरला गेला.

२०२२ चा वाद : शिवसेनेत फूट पडल्यावर एकाच दसऱ्यासाठी दोन अर्ज आले. उद्धव ठाकरे गटाने ऑगस्टमध्येच अर्ज केला होता. शिंदे गटाचे तत्कालीन आमदार सदा सरवणकर यांचा अर्ज त्यानंतरचा. पोलिसांच्या अहवालाचा हवाला देत महापालिकेने कायदा-सुव्यवस्थेच्या कारणावरून दोघांनाही नकार दिला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. आर. डी. धनुका व न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने हा नकार म्हणजे अधिकाराचा गैरवापर असल्याचे सांगून ठाकरे गटाला परवानगी दिली. ५ ऑक्टोबरला एक मेळावा शिवाजी पार्कवर आणि शिंदे गटाचा वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर झाला. आयत्या वेळी दोघांनाही ‘नाही’ म्हणून मोकळे होता येत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

जिल्हा पातळी : लहान शहरांत हाच प्रश्न क्रीडा संकुलांच्या रूपाने समोर येतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारसारख्या सहा तालुक्यांच्या जिल्ह्यात शहरातील मैदाने नगरपालिकेच्या अखत्यारीत, तर जिल्हा क्रीडा संकुल स्वतंत्र समितीच्या हाती असते. जिल्हा क्रीडा अधिकारी या समितीचे सदस्य-सचिव असतात. १४, १७ व १९ वर्षांखालील शालेय स्पर्धांच्या काळात संकुलावर शाळांचा भार येतो. रोज धावायला येणारे तरुण आणि स्थानिक मंडळे यांनाही तेच मैदान हवे असते.

मूल्यमापन : वहिवाट सर्वांचीच असते, म्हणून नुसत्या वहिवाटीवर वाटप टिकत नाही. राखीव दिवस आधी जाहीर करणे, अर्जांचा क्रम पाळणे आणि नकाराचे कारण लेखी देणे, या तीन गोष्टी असल्या तर वाद बहुधा मैदानाबाहेर जात नाहीत. शिवाजी पार्कवर ४५ दिवसांचा हिशेब लागला. उरलेले ३२० दिवस खेळाचे आहेत.