खानावळवालीचा हिशेब

पनवेल तालुक्यातील ओवे गावातून खारघरच्या वसाहतींकडे जाताना भिंतींवर, दुकानांच्या दारांवर 'घरगुती डबा मिळेल' अशा पाट्या दिसतात. पाटीवर दूरध्वनी क्रमांक असतो; स्वयंपाक करणाऱ्या बाईचे नाव बहुधा नसते. तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार, खारघरच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी, भाड्याच्या खोलीत एकटे राहणारे नोकरदार या सर्वांच्या जेवणाची सोय या निनावी हातांनी होते. हे निनावीपण नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात ते अनेक पिढ्या नांदले आणि ते मोडण्याचा एक संघटित प्रयत्न १९७५ साली झाला. 'अन्नपूर्णा महिला मंडळा'चा तो इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनाही काही विचारतो, असे आम्हांस वाटते.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्या वाढल्या आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष कुटुंब गावी ठेवून त्यांत दाखल झाले. १९११ ते १९३१ या काळातील जनगणनांनुसार मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेच्या आसपासच होत्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या पुरुषांना जेवू घालण्यातून खानावळ उभी राहिली. ती चालविणारी बाई पुष्कळदा गिरणीकामगाराचीच पत्नी वा विधवा असे. गिरण्यांतून स्त्रियांची संख्या कमी होत गेली, तसतसा चुलीचा हा आधार अधिक महत्त्वाचा ठरला.

या व्यवसायाचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. कामगाराला पगार महिना भरल्यावर मिळे. खानावळीचे पैसेही तो तेव्हाच देई. बाईला मात्र तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल रोज लागे. ती वाण्याकडून उधारीवर माल घेई. उधारीच्या मालाला भाव चढा, आणि अडल्या वेळी सावकाराचे व्याज त्याहून चढे. म्हणजे कामगाराला महिनाभर उधार जेवू घालून ही बाई एका परीने गिरणी उद्योगालाच भांडवल पुरवीत होती. संप झाला की हे भांडवल बुडण्याची वेळ येई, तरी ताट वाढणे थांबत नसे. कामगार चळवळीच्या इतिहासात सभा आहेत, मोर्चे आहेत, पुढारी आहेत. संपकाळातील ही उधारी मात्र फारशी नाही.

प्रेमा पुरव यांनी नेमकी हीच बाजू ओळखली. गोव्यात जन्मलेल्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई मुंबईत कामगार चळवळीत काम करीत होत्या. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. सामान्य माणसाला कर्ज देऊ, असे सरकार म्हणत होते. परंतु खानावळवालीजवळ तारण नव्हते, स्वतःच्या नावाची खोली नव्हती, सहीचीही अनेकींना सवय नव्हती. १९७५ साली चौदा बायकांच्या गटापासून सुरुवात झाली. एकमेकींची हमी हेच तारण मानून बँकेचे कर्ज मिळवायचे, रोखीने माल घ्यायचा आणि वाण्या-सावकाराच्या फेऱ्यातून सुटायचे, अशी ही साधी योजना होती. पुढे मंडळाने सामुदायिक स्वयंपाकघर, खाद्यपदार्थांचे प्रशिक्षण, वाशी येथे केंद्र आणि नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह अशी कामे उभी केली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली.

येथे 'लिज्जत'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेथे माल एक, नाव एक आणि मालकी सर्व भगिनींची. 'अन्नपूर्णा'त प्रत्येकीची चूल निराळीच राहिली. सामायिक झाली ती पत. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण पत मिळवण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. बँकेच्या पुस्तकात नाव लागले, तेव्हा 'चार जणांना जेवायला घालणारी बाई' ही एक व्यावसायिक ठरली.

तरी या इतिहासाचा गौरवग्रंथ करू नये. कर्जाने व्याज कमी झाले, पहाटेचे उठणे कमी झाले नाही. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन विसकटले. गिऱ्हाईकच गावी परतले, तेव्हा खानावळीचा पाया खचला. पत ही गिऱ्हाइकाची जागा घेऊ शकत नाही, हा धडा कर्जालाच मुक्ती समजणाऱ्या आजच्या योजनांनीही घ्यावा.

मंडळाने घेतलेले नावही विचार करण्याजोगे आहे. अन्नपूर्णा ही साक्षात शंकराला भिक्षा वाढणारी देवता. देवतेचे श्रम मोजायचे नसतात. तिला मजुरी विचारायची नसते. आपल्या भाषेने राबणाऱ्या बाईला हा किताब बहाल करून तिचा हिशेब किती सहज मिटवला आहे! मंडळाने तेच नाव घेऊन कर्जाचा अर्ज भरला, तेव्हा त्या शब्दाचा अर्थच पालटला. नारायण सुर्व्यांच्या कवितेपासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत गिरणगाव मराठी साहित्यात ठळकपणे आले. आमच्या वाचनात मात्र खानावळवाली बहुधा जेवणाऱ्याच्या आठवणीतून भेटते, तिच्या स्वतःच्या वहीतून क्वचितच. ती वही कोण वाचणार, हा प्रश्न आपला, म्हणजे शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचाही आहे.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नव्या शहरासाठी पनवेल परिसरातील भातशेती संपादित झाली. सातबारावर नाव बहुधा पुरुषाचे असल्याने मोबदल्याच्या कागदावरही तेच आले. लावणी-कापणी करणाऱ्या बाईचे श्रम तेथेही नोंदीबाहेर राहिले. आज त्याच जमिनीवरच्या इमारतींत डबे पोहोचतात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी गिरणगावावरील प्रबंधाबरोबरच ओव्यातील एखाद्या डबेवालीच्या महिन्याचा जमाखर्चही, तिच्या संमतीने आणि तिच्याच शब्दांत, लिहून घ्यावा. पाटीवर नसलेले नाव निदान त्या टिपणाच्या शीर्षस्थानी यावे. तिची इच्छा असेल तर.