ड्राफ्ट्समनच्या टेबलावरचं संगीत

मी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. रोट्रिंग पेन, ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर यांच्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे ग्राफिक स्कोअर, म्हणजे स्वरांऐवजी चित्रखुणांनी लिहिलेलं संगीत, काढायला स्वस्त सॉफ्टवेअर कुठलं, असं भाचीच्या वयाच्या संगीतकारांनी विचारलं की मी आधी कॉर्नेलियस कार्ड्यूचं ‘ट्रीटिस’ त्यांच्यापुढे उघडतो.

लंडनच्या या संगीतकारानं ते 1963 ते 1967 या काळात काढलं. पोटापाण्यासाठी तो आल्डस बुक्स या प्रकाशनसंस्थेत ग्राफिक डिझायनरचं काम करायचा. 193 पानं आहेत. मधोमध एक ठळक आडवी रेघ जवळजवळ सगळ्या पानांतून धावते. तिच्याभोवती वर्तुळं, आकडे, वाकत जाणाऱ्या रेषा आणि तळाशी पाच-पाच ओळींच्या दोन रिकाम्या पट्ट्या. वाद्य कोणतं, सूर कोणता, एका शब्दानं सांगितलेलं नाही; ते वादकांनी ठरवायचं. माझी नजर मात्र जाते रेषांच्या जाडीवर आणि वर्तुळ रेघेला टेकतं त्या बिंदूवर. ही सफाई त्यानं नोकरीत कमावलेली आहे.

त्याआधी, 1950 मध्ये, न्यूयॉर्कच्या मॉर्टन फेल्डमननं चेलोसाठी ‘प्रोजेक्शन 1’ ग्राफ पेपरवर मांडलं. चौकोन वर असेल तर सूर वरचा, खाली असेल तर खालचा. नेमका कोणता, ते वादकानं बघावं. संगीतकार यानिस झेनाकिस तर आमच्याच पेशातला, आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात काम केलेला. ‘मेटास्टासिस’मधले घसरत जाणारे सूर त्यानं सरळ रेषांनी आखले आणि 1958 च्या ब्रसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स पॅव्हेलियनच्या वक्र भिंतीही तशाच सरळ रेषांतून उभ्या केल्या.

यातलं आखणीचं एकही साधन संगीतासाठी बनलेलं नव्हतं, आणि माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. नोटेशनची महागडी सॉफ्टवेअर पाच ओळींसाठी आणि मात्रांच्या हिशेबासाठी बांधलेली असतात. तिथे एक वाकडी रेघ काढायला तास जातो. शिवाय त्यातलंच, 1988 पासून चालत आलेलं फिनाले 2024 मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा कित्येकांना आपल्या जुन्या फाइलींची काळजी पडली.

म्हणून मी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सुचवतो. 2003 पासून ते फुकट मिळतं आणि त्याची एसव्हीजी फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. पान ए3 आडवं घ्या, मिलिमीटरची ग्रिड लावा, काळाची रेघ एका लेयरवर काढून तो लॉक करा आणि बाकीचं वरच्या लेयरवर काढत जा. मध्येच खरेखुरे स्वर हवे असतील तर ते म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा. तेही फुकट आहे आणि एसव्हीजी काढून देतं. पान पूर्ण झालं की छापून स्टँडवर लावा आणि वादक बसतो तिथून बघा. बारीक रेषा तिथून दिसेनाशी झाली असेल तर ती जाड करा.