मागून येणारं ओझं

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या ढोल-ताशा पथकाने एक जुना बंद ट्रेलर विकत घेतला. आम्ही डेट्रॉईटच्या उपनगरांत राहणारी पंचवीस-तीस मंडळी. ढोल, ताशे, झांजा, ध्वज, त्यांचे लोखंडी पाइप, साउंडचे खोके हे सगळं तोवर चार जणांच्या गराजमध्ये विखुरलेलं असायचं आणि मिरवणुकीच्या दिवशी सात गाड्यांच्या डिक्कीतून निघायचं. हमखास एखादा ताशा किंवा टिपरूंची पिशवी कुणाच्या तरी घरी राहायची. एका मित्राकडे पिकअप होता. म्हणून ठरलं, एक डबा घ्यायचा, त्यात सगळं भरायचं आणि ओढत न्यायचं.

‘ट्रेलर’ म्हटलं की आपल्याला आधी सिनेमा आठवतो. गंमत म्हणजे शब्द तोच आहे. सिनेमाची जाहिरात सुरुवातीच्या काळात मूळ चित्रपट संपल्यावर, त्याच्या मागे जोडून दाखवत, म्हणून ती ट्रेलर. रस्त्यावरच्या वस्तूला आपण ट्रॉली म्हणतो. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टरमागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या झुलत चाललेल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मी पुढे काय सांगणार आहे याचा निम्मा अंदाज आलाच असेल. अमेरिकेत फरक एवढाच, की हा झुलणारा डबा ताशी शंभर किलोमीटरने जातो आणि तो ओढणारा माणूस कालपर्यंत फक्त ऑफिसला जायची गाडी चालवत असतो.

विकणारे गृहस्थ सुतारकाम करायचे, आता थांबले होते. डबा सहा फूट रुंद, बारा फूट लांब, एकच ॲक्सल. आम्ही काय तपासलं? दिवे लागतात का. कागदावरचा नंबर आणि सांगाड्यावर ठोकलेला नंबर एकच आहे का, कारण चोरीचे ट्रेलर बाजारात पुष्कळ फिरतात. आत गळतं का. गृहस्थांनी विचारलं, “तुमच्याकडे बॉल कुठला आहे?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पिकअपच्या मागे जो लोखंडी गोळा असतो, ज्यावर ट्रेलरचं तोंड बसतं, तो वेगवेगळ्या मापांचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन इंचांचा गोळा सव्वादोन इंचांहून थोड्या मोठ्या तोंडात बसतो, खिट्टीही लागते, सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या खड्ड्याला तोंड उडून वर येतं. आमचं माप जुळलं ते नशिबाने.

मग शिकागोजवळच्या एका मिरवणुकीला निघालो. कॅलमझूच्या थोडं अलीकडे, आय-९४ वर, शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि मागचा डबा हलायला लागला. आधी हलकासा, कुत्र्याने शेपूट हलवावं तसा. मग प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. पिकअपचा मागचा भाग उजवीकडे, डावीकडे ओढला जात होता. मी शेजारच्या सीटवर होतो. मित्राने ब्रेक मारला नाही, स्टिअरिंगही फिरवलं नाही. तो थिजला होता, एवढंच. पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला, वेग पंचेचाळीस मैलांवर आला आणि झोके विरले. मागच्या गाडीत पथकातली दोन मुलं होती. त्यांच्या आईने नंतर सांगितलं, “ट्रेलरचं एक चाक रस्त्यावरून उचललेलं मला दिसलं.”

पुढच्या एक्झिटला पेट्रोल पंपाच्या आवारात आम्ही अठ्ठावीस ढोल खाली उतरवले, तेव्हा चूक दिसली. पोहोचल्यावर आधी लागणारं जड सामान, म्हणजे ध्वजांचे पाइप, साउंडचे खोके आणि जनरेटर, आम्ही शेवटी भरलं होतं, मागच्या दाराशी. हलके ढोल सगळे पुढे. गोदामाच्या हिशोबाने अगदी शहाणपणाचं काम.

त्यानंतर मी या वस्तूचा इतिहास वाचायला लागलो. इंजिनिअरला लाज वाटली की तो वाचतो. आणि लक्षात आलं, की आम्ही घाबरलो ते ज्या शहरातून निघालो होतो, तिथेच ही गोष्ट सुरू होते.

१९१४ मध्ये डेट्रॉईटमधला एक लाकूड-व्यापारी, फ्रेडरिक सिब्ली, आपली होडी उत्तर मिशिगनमधल्या उन्हाळी घरी न्यायच्या विचारात होता. तो ऑगस्ट फ्रूहाऊफ नावाच्या लोहाराकडे गेला. फ्रूहाऊफ घोड्यांना नाल मारायचा, गाड्या बांधायचा. सिब्लीची मागणी होती की फोर्ड मॉडेल टी मोटारीमागे जोडता येईल असं काहीतरी करून दे. फ्रूहाऊफने जे केलं त्याला स्वतःच नाव दिलं, सेमी-ट्रेलर. ‘सेमी’ अशासाठी, की गाड्याचा मागचा भार त्याच्या चाकांवर आणि पुढचा भार मोटारीवर टेकलेला. सिब्लीला ते इतकं आवडलं की त्याने लाकडाच्या वखारीसाठी आणखी मागवले. १९१८ मध्ये फ्रूहाऊफ ट्रेलर कंपनी उभी राहिली. घोडा पाठीवर वाहतो त्यापेक्षा जास्त ओढू शकतो, हे लोहाराला ठाऊक असलेलं साधं सत्य कंपनीने घोड्याच्या जागी मोटार घालून विकलं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते ‘सेमी’. मागच्या वस्तूचं थोडं वजन पुढच्याने अंगावर घ्यायलाच हवं, हे त्या नावातच होतं. आज आमच्यासारख्या ट्रेलरसाठी नियम सांगतात तो हाच: एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या गोळ्यावर टेकला पाहिजे. तो तेवढा असला की ट्रेलर निमूट मागे येतो. जड सामान ॲक्सलच्या मागे गेलं की गोळ्यावरचा भार घटतो, आणि ठरावीक वेगापुढे प्रत्येक झोका विरण्याऐवजी वाढत जातो. ज्यांनी कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलाय त्यांना चित्र दिसेल: वेग वाढता वाढता सिस्टिमचा पोल रेघ ओलांडून उजवीकडे जातो. तो पेपर मी उत्तम मार्कांनी पास झालोय. पाइप मागे ठेवताना त्यातलं काही आठवलं नाही.

लोहाराच्या काळात ट्रेलर ओढणारे लोक गाडीवान घराण्यातले किंवा धंद्यातले होते. भार कुठे ठेवायचा हे त्यांना हाताने कळायचं. गोष्ट बदलली ती ट्रेलर सामान्य माणसाकडे आला तेव्हा. १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीला मागे छोटा हौदा लावून कारखान्यातूनच तयार पिकअप विकायला काढला, किंमत २८१ डॉलर. १९२९ मध्ये डेट्रॉईटच्याच आर्थर शर्मन नावाच्या जीवाणूशास्त्रज्ञाने तंबूचा ट्रेलर घेतला, पावसात त्याने दगा दिला, आणि चिडून त्याने स्वतःच एक बंद खोली बांधून घेतली. मुलांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हटलं. तेच नाव लावून त्याने धंदा काढला आणि काही वर्षांतच त्याची कंपनी या धंद्यातली सर्वांत मोठी झाली. तिचा कारखाना माउंट क्लेमन्सला होता, तेही आय-९४ वरच. १९३० च्या दशकाच्या मध्यावर रॉजर बॅबसन नावाच्या अर्थतज्ज्ञाने भाकीत केलं, की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. तसं काही झालं नाही. पण त्या दशकातल्या मंदीत घरदार सुटलेल्या कित्येकांना मात्र खरोखर तसं राहावं लागलं.

माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत हुशार माणूस १९४५ चा. लिओनार्ड शोएन नौदलातून सुटला होता. तो आणि त्याची बायको ॲना मेरी लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला घर हलवत होते. सामानासाठी एका गावात भाड्याने घेऊन दुसऱ्या गावात सोडून देता येईल असा ट्रेलर शोधला, तर कुठेच मिळेना. युद्ध संपत होतं, लाखो कुटुंबं त्यांच्यासारखीच हलणार होती. गाठीशी पाच हजार डॉलर होते. वॉशिंग्टन राज्यातल्या रिजफील्डजवळ, ॲना मेरीच्या माहेरच्या शेतावर, त्यांनी ट्रेलर बांधायला घेतले. बाजूला रंगवलं, यू-हॉल, दिवसाला दोन डॉलर. पेट्रोल पंपवाल्यांना एजंट केलं. पुढच्या गावात एजंट नसेल, तर तिकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकालाच सांगायचे, तिथे एक पंपवाला शोध आणि ट्रेलर त्याच्याकडे सोड. १९४९ अखेरीस देशाच्या बहुतेक भागात एका शहरात घेतलेला ट्रेलर दुसऱ्यात सोडता येत होता. १९५५ पर्यंत रस्त्यावर त्यांचे दहा हजारांहून जास्त ट्रेलर होते.

ॲपच्या धंद्यातल्या माणसाला यातलं नेटवर्क लगेच दिसतं, पण मला आवडलं ते वेगळं आहे. भाड्याने देणाऱ्याला पक्कं माहीत असतं, की समोरच्या माणसाने आयुष्यात कधी ट्रेलर ओढलेला नाही, आणि उद्या तो परत कधी ओढणारही नाही. म्हणून शिकवण वस्तूतच घालावी लागते. आजही त्यांच्या ट्रेलरवर ठळक लिहिलेलं असतं: वेग ताशी ५५ मैलांच्या आत, आणि साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात. वाचायला दोन सेकंद लागतात. आम्ही भाड्याचा डबा घेतला असता तर ते वाक्य आमच्या डोळ्यांसमोर आलं असतं. विकत घेतलेल्या जुन्या डब्यावर मूळ मालकाच्या धंद्याचं नाव खरवडल्याच्या खुणा होत्या, बाकी काही नाही. त्या सुतारदादांना सगळं माहीत होतं. आम्ही विचारलं नाही, आणि मोठ्या माणसांना अशा गोष्टी आपणहून कोण सांगतो?

डब्यावर एक पाटी मात्र होती, आणि ती आम्ही वाचलीही होती. त्यावर कमाल वजन लिहिलं होतं, २,९९० पौंड. खाली ॲक्सल ३,५०० पौंडांचा. तीन हजार हा आकडा बऱ्याच राज्यांत ब्रेकची रेघ आहे. त्यावर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. म्हणून बनवणारे तोच ॲक्सल घालून पाटीवर दहा पौंड कमी लिहितात. थोडक्यात, आमच्या डब्याला ब्रेक नव्हते, आणि ते का नव्हते हे त्या पाटीवरच लिहिलेलं होतं, वाचता येणाऱ्यासाठी.

ब्रेक असते तर? आर्थर वॉर्नर नावाच्या माणसाने, ज्याने आधी मोटारींचे स्पीडोमीटर बनवून पैसा केला होता, १९२० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक आणले. आत एक विद्युतचुंबक असतो. करंट गेला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ओढला जातो, आणि त्या ओढीने ब्रेकचे शू दाबले जातात. पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ एक छोटी कळ असते. ट्रेलर झुलायला लागला, तर पिकअपच्या ब्रेकला हात न लावता फक्त ती कळ दाबायची. मागचा डबा मागे ताणला जातो आणि सरळ होतो. हे वाचलं तेव्हा मला कॅलमझूचा तो रस्ता पुन्हा दिसला.

पिकअपवाल्या मित्राचा भरवसा कंपनीने सांगितलेल्या ओढण्याच्या क्षमतेवर होता. तो आकडाही बराच काळ ज्याचा त्याचा होता. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजायची आणि जाहिरातीत फुगवायची. २००८ मध्ये एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं मानक काढलं. त्यातली एक कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणापासूनच्या घाटाची: सुमारे अकरा-बारा मैलांत तीन हजार फुटांच्या आसपास चढ, कडक उन्हात, एसी पूर्ण जोरात, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये. टोयोटाने ते आधी स्वीकारलं, आणि त्यांच्या मोठ्या पिकअपचा आकडा खाली आला. बाकीच्यांनी आणखी काही वर्षं घेतली.

परवान्याचं म्हणाल तर अमेरिकेत व्यावसायिक परवाना लागतो तो गाडी आणि ट्रेलर मिळून २६,००१ पौंडांपासून पुढे, म्हणजे जवळपास बारा टनांना, आणि त्यातही ट्रेलर एकटा दहा हजारांवर असेल तर. त्याच्या खाली बहुतेक ठिकाणी साधा परवाना चालतो. ब्रिटनने १९९७ पासून नव्या चालकांना मोठ्या ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा लावली होती. २०२१ च्या डिसेंबरात तीही काढून टाकली, कारण ट्रकचालकांचा तुटवडा होता आणि परीक्षकांचा वेळ तिकडे हवा होता. मी परीक्षांचा भोक्ता नाही, पण या एका बाबतीत माझं मत बदललंय. अर्ध्या दिवसाची शिकवणी सक्तीची असती तर मी कुरकुरत गेलो असतो आणि त्या दोन मुलांच्या आईला ते चाक दिसलं नसतं.

गेल्या वर्षी पथक वाढलं. दोन ॲक्सलचा, ब्रेकवाला मोठा ट्रेलर घेतला. या वेळी मी बॅटरी घेऊन त्याच्याखाली झोपलो. मागच्या दाराजवळचं प्लायवूड बोटाने दाबून पाहिलं, कारण कुजायला तिथूनच सुरुवात होते. टायरवरचे चार आकडे वाचले, ज्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी उभ्या-उभ्या म्हातारे झालेले टायर फुटतात. बेअरिंगमधलं ग्रीस बदलून घेतलं.

जुना डबा विकायला काढला. एक तरुण मुलगा छोटी एसयूव्ही घेऊन आला. दिवे पाहिले, कागद पाहिला, भाव केला. आत गेल्यावर त्याला भिंतीवर मार्करने लिहिलेली ओळ दिसली. “हे काय लिहिलंय?” त्याने विचारलं. आम्हीच लिहिलं होतं, त्या मिरवणुकीनंतर: ‘जड सामान पुढे. विसरलास तर सगळं उतरव.’ मित्राने त्याला अर्थ सांगितला, मग गोळ्याचं माप, मग ५५ मैल, मग कॅलमझूचा सगळा किस्सा. मुलगा मान हलवत होता आणि मधूनमधून फोनकडे पाहत होता. शेवटी मित्राने त्याच्या हातून फोन घेतला आणि त्या ओळीखाली तेच इंग्रजीत लिहून त्याचा फोटो काढून परत दिला.