बॅकलाइट नियंत्रण (लिनक्स)

बॅकलाइट नियंत्रण ही लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड कमीअधिक करणारी लिनक्स कर्नलमधील यंत्रणा होय. उजेडाची पातळी 'ब्राइटनेस' नावाच्या फाइलीत आकड्याने नोंदलेली असते.

एकाच पडद्यासाठी फर्मवेअरचा (व्हिडिओ), उत्पादकाचा (व्हेंडर) आणि ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्वतःचा (नेटिव्ह) असे मार्ग संभवतात. पूर्वी एकाहून अधिक मार्ग एकाच वेळी उपलब्ध असू शकत व निवड डेस्कटॉपवर सोपवलेली असे. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीपासून ही निवड कर्नलच करतो. बदल रास्तच होता. तथापि निवड चुकल्यास अद्ययावतीकरणानंतर कळ दाबूनही उजेड बदलत नाही, क्वचित नियंत्रणच नाहीसे होते.

अशा वेळी ग्रबच्या यादीतून जुना कर्नल सुरू करून पाहणे हा सर्वांत सोपा पडताळा. त्यावर उजेड बदलत असेल, तर पडदा व कळा निर्दोष ठरतात. दुरुस्तीचा खर्च वाचतो. नव्या कर्नलवर प्रशासकाच्या अधिकाराने फाइलीतील आकडा बदलल्यास उजेड बदलत असेल, तर मार्ग योग्य असून दोष कळांच्या वा डेस्कटॉपच्या जोडणीत असतो. आकडा शून्य मात्र करू नये. काही लॅपटॉपांवर पडदा पूर्ण काळा होतो.

मार्गच चुकीचा असल्यास 'एसीपीआय_बॅकलाइट' या कर्नल पॅरामीटरला नेटिव्ह, व्हिडिओ वा व्हेंडर यांपैकी एकेक मूल्य तात्पुरते देऊन पाहतात आणि लागू पडलेले मूल्य ग्रबमध्ये कायम करतात. ज्ञात अपवादात्मक मॉडेलांची सूची कर्नलमध्येच असते; तीत योग्य नोंद झाल्यावर हा उपाय सहसा अनावश्यक ठरतो.